एकशे एकसष्ट विद्यार्थ्यांची शाळा

मुलांनो, तालुक्याच्या गावी शाळाशाळांचे सामने भरतात, तेव्हा एक गोष्ट तुमच्या ध्यानात आलीच असेल. एका शाळेत दीड-दोन हजार विद्यार्थी असतात. तिला स्वतःचे विस्तीर्ण क्रीडांगण असते, व्यायामशिक्षक असतात, आणि संघ निवडायचा म्हटला तर एकेका जागेसाठी वीस-वीस मुले पुढे येतात. दुसरी शाळा आडवळणाच्या गावची असते. सगळ्या वर्गांतील मुले गोळा करावी, तेव्हा कोठे तिचा संघ पुरा होतो. पंच शिट्टी वाजवतात आणि हे दोन संघ एकमेकांसमोर उभे राहतात. दोघांना नियम एकच, चेंडू एकच, वेळही एकच. मग हा सामना बरोबरीचा म्हणावा काय? आणि तो बरोबरीचा नसेल, तर अशा शाळांनी एकमेकींशी खेळूच नये काय?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इंडियाना नावाचे एक राज्य आहे. तेथील लोकांनी या प्रश्नाचा विचार ऐंशीहून अधिक वर्षे केला. त्यांनी प्रथम एक उत्तर दिले, आणि पुढे ते बदलले. ती हकीकत मोठी मनोरंजक आहे आणि विचार करावयास लावणारीही आहे.

इंडियाना हा मक्याच्या शेतांचा सपाट मुलूख. उत्तरेस मिशिगन सरोवर, दक्षिणेस ओहायो नदी, आणि मधोमध इंडियानापोलिस ही राजधानी. तेथील हिवाळा कडक असतो. पिके घरात आली, की शेते बर्फाखाली झाकली जातात आणि बाहेरचे खेळ बंद पडतात. अशा प्रदेशात छपराखाली खेळता येणारा एक खेळ आला. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी तो तयार केला होता. त्याने फळांच्या दोन टोपल्या भिंतीवर उंच टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकावयास सांगितले. हाच बास्केटबॉल.

हा खेळ इंडियानाच्या खेड्यांनी आपलासा केला, याचे कारण उघड आहे. अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलला एका बाजूस अकरा गडी लागतात आणि साहित्याचा खर्चही पुष्कळ येतो. बास्केटबॉलला पाचच गडी पुरतात. चेंडू एक असला आणि कोठाराच्या भिंतीवर लोखंडी कडे ठोकले, म्हणजे झाले. त्यामुळे ज्या गावात शंभर उंबरे, त्या गावच्या शाळेलाही आपला संघ उभा करता येई. शुक्रवारच्या रात्री सारे गाव शाळेच्या क्रीडागृहात जमे. दुकानदार, शेतकरी, आजी-आजोबा, सगळे! शाळेचा संघ म्हणजे गावाचाच संघ असे.

आता या शाळा एकमेकींशी खेळत कशा, ते पाहू. अमेरिकेत एका परिसरातील काही हायस्कुले एकत्र येऊन आपले एक क्रीडामंडळ स्थापन करतात. त्याला तेथे ‘कॉन्फरन्स’ असे म्हणतात. मंडळातील शाळांचे मुख्याध्यापक आणि क्रीडाशिक्षक एकत्र बसून वर्षाचे वेळापत्रक ठरवतात. कोणी कोणाच्या गावी जावयाचे, पंच कोण, तिकिटांच्या पैशांची वाटणी कशी, हे सारे तेथे ठरते. एका हंगामात प्रत्येक शाळा मंडळातील इतर शाळांशी खेळते, आणि शेवटी जिचे विजय अधिक, ती मंडळाची विजेती ठरते. हे केवळ बास्केटबॉलपुरते नसते. धावण्याच्या शर्यती, कुस्ती, बेसबॉल, व्हॉलीबॉल अशा अनेक खेळांचे सामने त्याच शाळांमध्ये वर्षभर चालतात.

मंडळात कोणत्या शाळा घ्यावयाच्या, हे ठरवताना दोन गोष्टींची ओढाताण होते. एक म्हणजे अंतर आणि दुसरी म्हणजे आकार. सामने बहुधा शाळा सुटल्यावर, संध्याकाळी असतात. मुलांना बसमधून न्यावयाचे, खेळवावयाचे आणि रात्री घरी पोहोचवावयाचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळा असतेच. म्हणून शेजारच्या शाळा मंडळात असणे सोयीचे. पण शेजार काही मापाने मिळत नाही! शेजारचे गाव कधी बाजारपेठेचे शहर असते, तर कधी चार रस्त्यांवरचे खेडे. सारख्याच आकाराच्या शाळा हव्यात असा हट्ट धरला, तर मुलांना दूरदूर प्रवास करावा लागतो. जवळच्याच शाळा हव्यात म्हटले, तर लहानाला मोठ्याशी झुंजावे लागते.

मोठ्या शाळेचे बळ नेमके कशात असते, तेही समजून घेतले पाहिजे. हजार मुलांत पाच उंच, चपळ आणि नेमबाज मुले सापडणे जितके सोपे, तितके सत्तर मुलांत नाही. मोठ्या शाळेत राखीव गडी पुष्कळ असतात. एक थकला तर दुसरा ताजातवाना उतरतो. खालच्या वर्गांचे वेगळे संघ असतात, त्यामुळे पुढच्या वर्षीचे खेळाडू आधीच तयार होत असतात. लहान शाळेत मात्र एकच मुलगा शरद ऋतूत शर्यतीत धावतो, हिवाळ्यात बास्केटबॉल खेळतो आणि वसंतात बेसबॉलची फळी हाती घेतो. तो आजारी पडला, की तिन्ही संघ लंगडे होतात. पण लहान शाळेचीही एक जमेची बाजू असते. तेथील मुले बालपणापासून एकत्र खेळलेली असतात. कोण कोठे धावेल, हे त्यांना न बोलता कळते.

मंडळाच्या सामन्यांच्या वर आणखी एक मोठी स्पर्धा असे. ती म्हणजे साऱ्या राज्याची. शाळांच्या खेळांची व्यवस्था पाहण्यासाठी १९०३ साली राज्यातील हायस्कुलांची संघटना स्थापन झाली होती. १९११ पासून तेथे मुलांची राज्य बास्केटबॉल स्पर्धा सुरू झाली. तिचा नियम साधा होता : शाळा लहान असो वा मोठी, स्पर्धा सर्वांना एकच, आणि अजिंक्यपदही एकच. १९५०च्या दशकात राज्यात चौसष्ट ठिकाणी प्राथमिक फेऱ्या होत. त्यांचे विजेते सोळा ठिकाणी जमत, त्यांतून निवडलेले चार ठिकाणी, आणि शेवटी उरलेले चार संघ इंडियानापोलिसला येत. एकदा हरला तो घरी परतला. दुसरी संधी नाही.

या नियमामुळे अधूनमधून चमत्कार घडत. १९१३ आणि १९१४ या लागोपाठच्या वर्षी विंगेट या चिमुकल्या गावच्या शाळेने अजिंक्यपद मिळवले. त्या शाळेला स्वतःचे क्रीडागृहही नव्हते. तिची मुले सरावासाठी शेजारच्या गावी जात. पण जसजशा शहरांतील शाळा वाढत गेल्या, तसतसे असे चमत्कार दुर्मिळ झाले. अजिंक्यपद बहुधा मोठ्या शाळांच्याच घरी जाऊ लागले.

अशा काळात मायलन हे नाव पुढे आले. इटलीतील मिलान शहराचीच अक्षरे, पण तेथील लोक त्याचा उच्चार मायलन असा करतात. इंडियानाच्या आग्नेय कोपऱ्यात, रिप्ली परगण्यात हे गाव आहे. त्या वेळी त्याची वस्ती अवघी अकराशेच्या आसपास होती. गावच्या हायस्कुलात विद्यार्थी एकशे एकसष्ट, आणि त्यांत मुलगे त्र्याहत्तर. १९५२ साली मार्व्हिन वुड नावाचा तरुण तेथे मार्गदर्शक म्हणून आला. वुडने एक गोष्ट ओळखली होती : आपली मुले उंचीने आणि संख्येने कमी पडणार. तेव्हा धावपळीच्या खेळात प्रतिस्पर्ध्याशी बरोबरी करण्यापेक्षा खेळाची गतीच आपल्या हाती ठेवावी. हाती आलेला चेंडू अमुक वेळात फेकलाच पाहिजे, असा नियम शालेय खेळात तेव्हा नव्हता. म्हणून त्याने मुलांना चेंडू जपण्यास, अचूक देवाणघेवाण करण्यास आणि योग्य संधीची वाट पाहण्यास शिकवले. घाईने दहा वेळा फेकण्यापेक्षा नेम धरून पाच वेळा फेकावे, हे त्या शिकवणीचे सार होते.

१९५३ साली मायलनचा संघ राज्यातील शेवटच्या चारांत पोहोचला. उपान्त्य सामन्यात साउथ बेंड सेंट्रल या बलाढ्य शाळेने त्याचा पराभव केला. एवढीशी शाळा येथवर आली हेच खूप झाले, असे पाहणाऱ्यांना वाटले असेल. मुले मात्र पुढच्या वर्षी पुन्हा सरावास लागली.

१९५४ साली स्पर्धेत सातशे एक्कावन्न शाळा उतरल्या. मायलनचा संघ एकेक फेरी जिंकत पुढे सरकला. शेवटच्या चारांत जाण्यापूर्वी त्याची गाठ इंडियानापोलिसच्या क्रिस्पस ॲटक्स शाळेशी पडली. त्या संघात ऑस्कर रॉबर्टसन हा मुलगा होता, जो पुढे जगातील थोर बास्केटबॉलपटूंत गणला गेला. मायलनने तो सामना पासष्ट विरुद्ध बावन्न गुणांनी जिंकला. २० मार्च १९५४ रोजी दुपारी त्यांनी टेरे होट येथील गर्स्टमायर शाळेलाही साठ विरुद्ध अठ्ठेचाळीस असे हरवले. त्याच दिवशी रात्री अंतिम सामना होता.

प्रतिस्पर्धी होती मन्सी सेंट्रल. ही शाळा मायलनच्या सुमारे दहापट मोठी. १९२६ साली स्थापन झालेल्या ‘नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्स’ या मोठ्या शाळांच्या नामांकित मंडळात ती खेळत असे. तिने त्यापूर्वी चार वेळा, आणि त्यांतही १९५१ व १९५२ अशा लागोपाठच्या दोन वर्षी, राज्याचे अजिंक्यपद जिंकले होते. तिचे खेळाडू उंचेपुरे होते. बटलर विद्यापीठाचे भव्य क्रीडागृह प्रेक्षकांनी गच्च भरले होते.

मध्यंतरास मायलन तेवीस विरुद्ध सतरा असे पुढे होते. पण नंतर मन्सीने जोर केला. तिसरा भाग संपला, तेव्हा दोघांचे गुण सव्वीस-सव्वीस झाले. चौथ्या भागात मन्सीने दोन गुणांची आघाडी घेतली. आता मायलनने वेगाने चढाई करावी, अशी सर्वांची अपेक्षा. पण घडले उलटेच! मायलनचा बॉबी प्लंप हा खेळाडू चेंडू हातात धरून मैदानाच्या मध्याजवळ उभा राहिला. एक मिनिट गेले, दोन गेली, तीन गेली. चार मिनिटांहून अधिक काळ तो तसाच उभा होता. प्रेक्षक चक्रावून गेले. मागे पडलेला संघ वेळ का दवडतो आहे, हे कोणाला उमगेना. पण त्या चार मिनिटांत मन्सीलाही एकसुद्धा गुण मिळाला नाही. अंतर होते तेवढेच राहिले, आणि सामना काही क्षणांच्या खेळावर येऊन ठेपला.

अखेर प्लंपने चेंडू फेकला, पण तो जाळीत गेला नाही. तरीही मायलनच्या मुलांनी धीर सोडला नाही. चेंडू पुन्हा मिळवून त्यांनी बरोबरी साधली, मग दोन गुणांची आघाडी घेतली. मन्सीने तीही भरून काढली. तीस-तीस! घड्याळात अठरा सेकंद उरली असता मायलनने खेळ थांबवण्याची विनंती केली. मार्गदर्शकाभोवती मुले जमली आणि बेत ठरला : चौघांनी एका बाजूला सरावयाचे आणि प्लंपला वाट मोकळी करून द्यावयाची. खेळ सुरू झाला. प्लंप एकटाच आपल्या प्रतिस्पर्ध्यासमोर होता. तो उजवीकडे झेपावला, एकाएकी थांबला, उडी घेतली आणि चेंडू सोडला. चेंडू जाळीतून खाली आला, तेव्हा जेमतेम तीन सेकंद उरली होती. बत्तीस विरुद्ध तीस. एकशे एकसष्ट विद्यार्थ्यांची शाळा राज्याची अजिंक्य ठरली!

दुसऱ्या दिवशी संघ गावी परतला, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा मोटारींच्या रांगा लागल्या होत्या. अकराशे वस्तीच्या गावात हजारो माणसे लोटली. पुढे या विजयावरून स्फूर्ती घेऊन १९८६ साली ‘हूझियर्स’ हा चित्रपटही निघाला. इंडियानाच्या रहिवाशांना ‘हूझियर’ म्हणतात, त्यावरून हे नाव.

मुलांनो, येथेच गोष्ट संपवली, तर सर्वांना समान स्पर्धा हेच खरे उत्तर, असे तुम्ही म्हणाल. पण आपण जरा मागे वळून क्रिस्पस ॲटक्स शाळेकडे पाहू. ही शाळा १९२७ साली इंडियानापोलिसमध्ये केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी काढण्यात आली. त्या मुलांनी गोऱ्या मुलांबरोबर शिकू नये, असा त्यामागचा हेतू होता. १९४२ सालापर्यंत या शाळेला राज्याच्या स्पर्धेत भागच घेता येत नसे. ‘स्पर्धा सर्वांना एकच’ असे म्हणणाऱ्या नियमाच्या दारातच तिला थांबवले होते. शाळा मोठी होती, खेळाडू कुशल होते. परंतु त्यांच्या वाटेतील अडसर आकाराचा नव्हता, माणसांच्या मनातील भेदभावाचा होता.

पुढे दार उघडले. रे क्रो यांच्या मार्गदर्शनाखाली ॲटक्सने १९५५ साली राज्याचे अजिंक्यपद मिळवले. राज्याच्या राजधानीतील शाळेने ते मिळवण्याची ही पहिलीच वेळ होती. तरीही विजयाचा उत्सव शहराच्या मध्यभागी होऊ दिला नाही. मिरवणूक तेथून वळवून कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील बागेकडे नेण्यात आली. खेळाडूंच्या मनाला ते फार लागले. १९५६ साली ते पुन्हा मैदानात उतरले आणि वर्षभर एकही सामना न गमावता पुन्हा अजिंक्य ठरले. मायलनच्या विजयाइतकाच हाही विजय इंडियानाच्या इतिहासात मोलाचा आहे. कोणाला खेळू द्यावयाचे, हा प्रश्न कोणी कोणाशी खेळावे याच्या आधीचा आहे, हे ॲटक्सच्या मुलांनी दाखवून दिले.

दरम्यान काळ पालटत होता. १९५९ साली राज्यात शाळांच्या पुनर्रचनेचा कायदा झाला. त्यानुसार अनेक खेड्यांतील लहान शाळा बंद होऊन त्यांच्या जागी मोठ्या संयुक्त शाळा उभ्या राहिल्या. जेथे सातशेंहून अधिक हायस्कुले स्पर्धेत उतरत, तेथे ती संख्या हळूहळू चारशेच्या घरात आली. उरलेल्या लहान आणि वाढलेल्या मोठ्या शाळांतील अंतर मात्र अधिकच रुंदावले. मायलननंतर इतक्या लहान शाळेला ते एकमेव अजिंक्यपद पुन्हा मिळाले नाही.

मग वाद सुरू झाला. काही जण म्हणाले, “कुस्तीत आपण वजनाप्रमाणे गट पाडतो. पन्नास किलोच्या मल्लाला शंभर किलोच्या मल्लाशी लढवत नाही. मग शाळांचेच गट का नसावेत? एका मायलनची गोष्ट आपण सांगतो. पण त्याच वर्षी पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरून घरी गेलेल्या शेकडो लहान शाळांची गोष्ट कोण सांगतो?” दुसरे म्हणाले, “गटातील लहानशा अजिंक्यपदापेक्षा मोठ्याशी झुंज देण्याची संधी अधिक मोलाची आहे. स्पर्धा एकच असली, तर विजयही खरा एकच असतो. गट पाडले, तर पुन्हा मायलन होणेच नाही.” दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, म्हणूनच निर्णय कठीण होता.

१९९६ साली राज्यसंघटनेच्या मंडळाने बहुमताने गट पाडण्याचा निर्णय घेतला. १९९७ साली सर्वांची मिळून शेवटची स्पर्धा झाली. १९९८ पासून विद्यार्थिसंख्येप्रमाणे शाळांचे चार गट झाले आणि अजिंक्यपदेही चार झाली. फुटबॉलच्या राज्यस्पर्धेत ही पद्धत १९७३ पासूनच होती. निर्णयाचे परिणाम दोन्ही प्रकारचे झाले. ज्या गावांनी राज्याचे अजिंक्यपद कधी पाहिले नव्हते, त्यांच्या शाळांत चषक आले. पण प्रेक्षकांची संख्या घटली, आणि जुन्या स्पर्धेची आठवण काढून हळहळणारी माणसे आजही तेथे भेटतात.

गट पाडूनही सारे प्रश्न सुटले नाहीत. काही शाळा आपल्या गटात वर्षानुवर्षे जिंकतच राहिल्या. तेव्हा २०१२ साली आणखी एक नियम करण्यात आला : जो संघ राज्यस्पर्धेत सातत्याने मोठे यश मिळवील, त्याला विद्यार्थी कमी असले तरी वरच्या गटात खेळावे लागेल. म्हणजे केवळ डोकी मोजून बळ मोजता येत नाही, हे संघटनेनेही मान्य केले.

आणि शेजारच्या शाळांची मंडळे? ती चालूच आहेत. राज्यस्पर्धेत गट वेगळे असले, तरी मंडळाच्या सामन्यांत लहान-मोठ्या शाळा अजून एकमेकींच्या गावी जातात. काही मंडळे लहान आणि मोठ्या शाळांचे दोन विभाग करतात. काही ठिकाणी एखादी शाळा फार वाढली किंवा फार आटली, की ती दुसऱ्या मंडळात जाते. तेथे दर काही वर्षांनी पुन्हा बैठक बसते, पुन्हा नकाशा उलगडला जातो, आणि अंतर व आकार यांचा मेळ नव्याने घातला जातो.

यावरून एक गोष्ट आपल्या ध्यानात येते. खेळाचा न्याय एकदाच ठरवून ठेवता येत नाही. काळ आणि परिस्थिती बदलली, की तो पुन्हा तपासून पाहावा लागतो. सर्वांना एकाच रेषेत उभे करणे हा न्यायाचा एक प्रकार आहे, आणि ज्याचे बळ जसे, त्याला तसा प्रतिस्पर्धी देणे हा दुसरा. इंडियानाने दोन्ही करून पाहिले. कोणताही नियम केला, तरी दोन गोष्टी मात्र खेळणाऱ्यांच्याच हाती राहतात. पहिली ही, की जो खेळू इच्छितो त्याला दाराबाहेर ठेवू नये. दुसरी ही, की प्रतिस्पर्धी मोठा आहे म्हणून आधीच हार मानू नये. मायलनची मुले त्या रात्री मन्सीपेक्षा मोठी झाली नव्हती. ती होती तेवढीच होती. पण आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही, हे त्यांनी नीट ओळखले होते, आणि जे होते त्याचा एकही कण त्यांनी वाया जाऊ दिला नाही.

स्वाध्याय

१. इंडियानाच्या खेड्यांत बास्केटबॉल लोकप्रिय होण्याची कारणे सांगा.

२. क्रीडामंडळात शाळा निवडताना कोणत्या दोन गोष्टींची ओढाताण होते? ती का होते?

३. मार्व्हिन वुडने आपल्या संघाला कोणत्या पद्धतीने खेळावयास शिकवले? त्याला ती पद्धत योग्य का वाटली?

४. क्रिस्पस ॲटक्स शाळेवर झालेला अन्याय आणि लहान शाळांची अडचण यांत कोणता फरक आहे? आपल्या शब्दांत लिहा.

५. वर्गाचे दोन गट करा. ‘लहान-मोठ्या शाळांची स्पर्धा एकच असावी’ या विषयावर एका गटाने अनुकूल आणि दुसऱ्याने प्रतिकूल बाजू मांडावी.

६. पुढील शब्द व वाक्प्रचार वाक्यांत उपयोगात आणा : आडवळणाचे गाव, ओढाताण होणे, मेळ घालणे, धीर न सोडणे, जमेची बाजू.